भोवऱ्याचं पोट

माझ्या सासऱ्यानं एकदा एवढी मोठी कोठी ठोकली व्हती, की बाजरी दाबाया आत उतरलेला गडी आतच म्हातारा झाला. वरून हाक मारली तर खालून त्याचा नातू ओ द्यायचा.

खोटं वाटतंय तर वाटू द्या. आमच्या घरातबी माझं कोनी खरं धरीत न्हाई. पन त्या कोठीचा गळा ज्या भोवऱ्यानं काढला, त्यो भोवरा खरा. दर खंडेनवमीला माझ्याच हातानं त्याला हळदीकुकू लागलंय.

लोखंडाचा. पोरं फिरवत्यात त्या भोवऱ्यासारखाच, पन नारळाएवढा. नाक निमुळतं, पोट फुगीर, वर हातोडा बसाया सपाट डोकं. आमचा धंदा पत्र्याच्या कोठ्यांचा. कोठीला बुडाशी दानं काढाया गळा लागतो. पत्र्याला छन्नीनं लहान गोल भोक पाडायचं, खाली लोखंडाचं कडं ठिवायचं, भोकात भोवऱ्याचं नाक घालायचं आन् वरून ठोकायचं. ठोकलं की फिरवायचं, ठोकलं की फिरवायचं. कड तानत तानत बाहीर वळती आन् गळा उभा राहतो. त्याच्यावर झाकन घट्ट बसलं, की आत ना टोक्याचा किडा शिरत ना ओल. कड फाटली तर मातूर कोठी गेली. डाग देऊन बुजवली तर पत्र्यावरचं जस्त जळतं आन् तितंच गंज धरतो.

आमच्या म्हाताऱ्याच्या, म्हंजी माझ्या मालकाच्या, भिमाजीच्या, हातचा गळा फाटलेला मी पाह्यला न्हाई. बोलायचं कमी, ठोकायचं जास्ती. घरात बोलायचं काम माझ्याकडं व्हतं.

मागच्या थंडीत म्हाताऱ्यावरून वारं गेलं. उजवा हात गेला, पाय गेला, जीभ गेली. निस्तं "अं... अं" राहिलं. तवा लेक वाल्मिक आन् सून पंकजा राहात्याकडं ऊस तोडीत व्हते. गावोगाव प्लास्टिकचे ड्रम आल्यापास्नं कोठ्यांचं काम बसलं व्हतं, म्हनून पयल्यांदाच कोयता धरला व्हता. तितं पंकजा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रकात चढताना घसरली. मोळी अंगावर, गुडघा फळीच्या कडंवर. आली ती पाय वढीत. आल्या आल्या उंबऱ्यात बसली आन् मला म्हनाली, "आत्या, काय बी काम सांगा. शेन काढीन, दगड फोडीन. पन त्या फळीवर मी पुन्यांदा चढनार न्हाई."

"नको चढू," मी म्हनाले. आता असं म्हनाया माझं काय जातंय? पन वाल्मिकनं आईकलं व्हतं. त्यानं आबाचा हातोडा खुट्टीवरनं काढला आन् दारातल्या लिंबाखाली बसला. कोठीचं अंग त्योच ठोकायचा आधीपास्नं. गळं आबाचं. आता गळंबी त्यानंच काढलं. उनाळ्यात लग्नाच्या रुखवताला म्हनून दोनचार कोठ्या गेल्या. गळं चांगलं निघालं. म्हातारं बाजंवरनं बघायचं आन् डाव्या हातानं मांडीवर ताल धरायचं. ठोका, फिरीव. ठोका, फिरीव.

पाऊस यंदा पोळ्याआधीच पळाला. बाजरीची कनसं दान्यावाचून उभी वाळली. ऊसतोडीचा मुकादम मच्छिंद्र मोटारसायकलवर दारोदार हिंडाया लागला. आमच्या दारात आला, खाली न उतरताच म्हनाला, "वाल्मिकभाऊ, यंदाच्या टोळीत तुमचा कोयता धरू ना? जोडी चांगली हाय तुमची."

"यंदा न्हाई," वाल्मिक म्हनाला.

"न्हाई म्हनून खाशील काय, पत्रा?"

"पत्र्यावरच जगतोय की."

मच्छिंद्र हसला. "बघ बाबा. दिवाळीच्या म्होरं ट्रक हालनार. तवर जागा ठिवतो."

वाल्मिकनं एवढं धाडसानं सांगितलं, त्याला कारन व्हतं. बनुबाई येऊन गेली व्हती. बनुबाई म्हंजी गावातल्या बचत गटाची म्होरकी. अंगानं चिपाड, पन जिभंनं नांगर चालवील. तिच्या ड्रमातल्या बियान्याला घाम फुटून बुरशी आली व्हती. ती म्हनाली, "लंकाबाई, गटातल्या समद्या बायांना पत्र्याच्या कोठ्या पायजेत. आदी चार करून दावा. गळा बघीन, झाकन बघीन, मंग समद्यांच्या तुमच्याकडंच. पन दिवाळीच्या आत. आन् तुमच्या गोष्टी नकोत मला, कोठ्या पायजेत."

"गोष्ट आत भरूनच देते," मी म्हनाले.

ती गेल्यावर पंकजानं दोन्ही कोयत्यांना तेल लावलं, फडक्यात गुंडाळलं आन् आढ्याला वर खोचून ठिवलं. मंग हात झटकले. लई दिसांनी तिच्या तोंडावर मी हसू बघितलं.

खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिशी हत्यारं घासायची, धुवायची, पाटावर मांडून झेंडूची फुलं व्हायची. त्या दिशी ठोकायचं न्हाई. वाल्मिकच्या मनात आलं, आबाच्या भोवऱ्याला यंदा नवा करावा. नाक चेचलं व्हतं, अंगावर खड्डं पडलं व्हतं, एका अंगाला झिजून वाकडा दिसायचा. येष्टीनं नगरला गेला. तितं लेथवाल्याकडं दिला आन् म्हनाला, सरळ करा, चकाचक करा. लेथवाल्यानं चेचलेलं नाक कापून सपाट केलं, अंग खरवडून खड्डं घालवलं. भोवरा वरपास्नं खालपर्यंत एका रेघंत आला. आरशावानी.

खंडेनवमीला वाल्मिकनं त्यो टावेलातनं काढला आन् म्हाताऱ्याच्या मांडीवर ठिवला.

"आबा, बघा. तुमचा भोवरा."

म्हाताऱ्यानं डावा हात त्याच्यावर फिरवला. नाकावर अंगठा नेला. पुन्ना फिरवला. मंग डोळ्यांतनं जे पानी सुरू झालं ते थांबंना. तोंड वाकडं झालं, लाळ गळाया लागली, "अं... अं... अं..."

"खुश झालं आबा," वाल्मिक म्हनाला आन् सोता बी डोळं पुसाया लागला. पंकजानं पाया पडून घेतलं. मी तर समद्या गल्लीत सांगत हिंडले, म्हातारं येवढं रडलं, येवढं रडलं, की बाजंखालची बादली भरली. शेळीनं त्यातलं पानी पिलं तर दुसऱ्या दिशी खारट दूध दिलं. बाया पोट धरून हसल्या. 

दसरा झाला आन् वाल्मिक गळं काढाया बसला.

आश्विनाचं ऊन. पत्र्यावर ते असं पडायचं की डोळ्यात सुई गेल्यावानी व्हायचं. पंकजानं पत्रा दाबून धरला, वाल्मिकनं भोवरा भोकात उभा केला. ठोका. फिरीव. ठोका. फिरीव. कड उचलाया लागली.

टच्च.

आवाज येवढासाच. बोटाचं हाड मोडल्यावानी.

वाल्मिकनं भोवरा काढला. कडंवर एक चीर पडली व्हती, नखाएवढी.

"पत्र्यात खोट असंल," त्यो म्हनाला.

दुसऱ्या भोकाला त्यानं छन्नीनं उठलेलं दात कानशीनं घासून काढलं. कड बोटाला गुळगुळीत लागंस्तवर घासली. पत्रा उलटा घालून बघितला. भोवऱ्याला एरंडाचं तेल लावलं. हातोडा हलका घेतला. ठोका. फिरीव.

टच्च.

"जोरात मारताय तुमी," पंकजा म्हनाली.

"तू नीट धर आदी. हालतीय."

"मी कुठं हालतीय? माझा तर श्वास बी बंद हाय."

"मंग श्वास घे आन् नीट धर!"

म्हातारं बाजंवरनं डाव्या हातानं लाकडावर बडवाया लागलं. "अं! अं!"

"आबा, गप बसा जरा," वाल्मिक वरडला. त्यानं आजवर बापाला असा आवाज दिला नव्हता. म्हाताऱ्यानं हात आवरला. भिताडाकडं बघत बसलं.

त्या दिशी चार भोकं गेली. लिंबाखाली फाटक्या गळ्यांचं तुकडं पडलं व्हतं, वाळल्या फुलावानी, पाकळ्या उघडलेल्या. पंकजाच्या तळहाताला पत्रा लागून रगत आलं. तिनं चुलीतली राख दाबली आन् पुन्ना पत्रा धरला.

बनुबाई बघाया आली, एकली न्हाई, गटातल्या दोघीतिघी संगं घेऊन. एक कोठी वाल्मिकनं कशीबशी उभी केली व्हती. गळ्याची चीर आतल्या अंगानं डाग देऊन बुजवली व्हती आन् वरनं चंदेरी रंग मारला व्हता. बनुबाईनं काय केलं, वटीतनं मूठभर बाजरी काढली, कोठीत टाकली आन् गळा उघडला. दानं आलं. मंग तिनं गळ्यात बोट घातलं आन् गोल फिरवलं. एका जागी थांबली. नखानं रंग खरवडला.

"वाल्मिक, हे काय रं?"

वाल्मिक खाली बघत व्हता.

"मावशी, पयलीच हाय. म्होरली चांगली..."

"हितनं टोका शिरंल, पावसाळ्यात ओल शिरंल. माझ्या बियान्याला तू रंग फासून देतोस व्हय?" तिनं वटी झटकली. संगच्या बायांपैकी एकजन पदराआड हसली. "भिमाजीदादाच्या घरातनं असला माल? दादा, आईकताय का?"

म्हातारं आईकत व्हतं. कान शाबूत व्हतं त्याचं.

मी मधी पडले. "बनुबाई, अवं त्या भोवऱ्याला नजर लागलीय. आमच्या सासऱ्याच्या काळात असंच झालं तवा..."

"लंकाबाई, नको." तिनं हात वर केला. "तुमची गोष्ट उसाच्या फडात सांगा. ट्रक हालायच्या दिशी नगरहून ड्रमाचा टेम्पो येतोय, त्याच्या आदी एक तरी धड गळा दावा, म्हंजी त्यो थांबवते."

ती गेली. कोठीत टाकलेली मूठभर बाजरी तिनं मातूर काढून नेली.

सांजंला पंकजा भाकरी थापाया बसली. काथवटीत बाजरीचं पीठ मळलं, गोळा घेतला आन् ताठ बोटांनी थापाया लागली. थाप कसली, चापटीच मारीत व्हती. रागात. भाकरीच्या कडंला चिरा पडाया लागल्या. एक चीर तर पार मधापर्यंत आली. तिनं गोळा मोडला, पुन्ना थापला, पुन्ना चिरला.

म्हातारं बाजंवरनं खाली सरकलं. मी धराया गेले तर मला ढकललं. बुडावर सरकत सरकत चुलीम्होरं आलं, सुनंचा हात धरला. आमच्यात सासरा सुनंचा हात धरत न्हाई. पंकजा बावरली, पदर सावरला.

"मामा?"

म्हाताऱ्यानं तिची ताठ बोटं वाकवली, तळहाताचा फुगीर भाग पिठावर टेकवला, आन् दाबलं. फिरवलं. दाबलं. फिरवलं. कडंच्या चिरा मिटल्या. मंग म्हाताऱ्यानं दुसरा गोळा वढला, चपटा केला, बोटानं दोन भोकं पाडली. शेजारची फुंकनी घेतली आन् तिचं सपाट तोंड एका भोकात दाबलं. भोकाची कड चारी बाजूंनी फाटली. फुंकनी टाकली. टोपलीतनं एक कांदा उचलला, शेंड्याकडनं दुसऱ्या भोकात घातला आन् हळूहळू दाबत फिरवत नेला. भोक मोठं झालं, कड वर आली. थोडी चरचरली, पन फाटली न्हाई.

म्हाताऱ्यानं कांदा वर धरला आन् वाल्मिककडं बघितलं.

चुलीत लाकूड तडतडत व्हतं. वाल्मिक उठला, कोपऱ्यातनं भोवरा आनला. सपाट नाक, सरळ अंग. त्यानं त्यो कांद्याच्या शेजारी ठिवला.

"खंडेनवमीला," त्यो म्हनाला. "आबा, खंडेनवमीला तुमी रडत व्हता ते ह्याचं पोट गेलं म्हनून..."

म्हाताऱ्यानं मान हालवली.

आमी त्या रडन्याला फुलं व्हायली व्हती. आन् मी शेळीला खारट दूध द्याया लावलं व्हतं.

सकाळच्या येष्टीनं वाल्मिक नगरला गेला, पिशवीत भोवरा आन् कांदा घेऊन. सांजंला आला तवा मी इचारलं, काय झालं.

"लेथवाला चांगला मानूस हाय गं आये. म्हनला, काढून देतो की, जसा पायजेल तसा. पन कसा व्हता त्यो सांग. नाक किती बारीक? पोट कुठनं सुरू?" वाल्मिकनं हवेत हात गोल फिरवला. "मी असं असं केलं. त्यो म्हनला, हवेतलं मला कातता येत न्हाई. मंग मी कांदा दावला."

"मंग?"

"हसला. दुकानातली समदी हसली. एकजन म्हनला, संगं भाकरी आनलीय का? पन दिलं करून." त्यानं भोवरा काढला. "रोज हातात घेत व्हतो गं मी ह्याला. लहानपनापास्नं. पन एकदा बी नीट बघितला न्हाई."

भोवऱ्याला पोट आलं व्हतं, पन कांद्याचं. नाकापाशीच एकदम फुगलेलं. आन् आधीच खरवडलेलं, त्यामुळं अंगानं बारीक झालेलं. ठोकून बघितला. पयल्यासारखं लगीच फाटलं न्हाई. कड निम्मी वर आली, वाल्मिक श्वास धरून फिरवत व्हता, ठोका, फिरीव, ठोका...

टच्च.

मंग म्हाताऱ्यानं हात म्होरं केला. त्याला पाथरवटाकडचा घासायचा दगड दिला, पानी दिलं. दोन पायांच्या मधी भोवरा दाबून डाव्या हातानं घासाया लागलं. उजवा हात मांडीवर मेलेल्या पाखरावानी पडलेला. खर्र. खर्र. घासायचं, अंगठा फिरवायचा, पुन्ना घासायचं. अंगठ्याचं कातडं निघालं, लोखंडाच्या काळ्या पान्यात लाल मिसळलं. मी चिंधी बांधली तर दातानं सोडून टाकली. चिंधीतनं त्याला पोट कळत नव्हतं.

वाल्मिक उरलेल्या पत्र्याला भोकं पाडीत व्हता. पंकजा पानी घालीत व्हती. मी एक गोष्ट सुरू केली, भोवरा गिळलेल्या सुसरीची. मधीच सोडली.

ट्रक हालायच्या दिशी सकाळी म्हाताऱ्यानं भोवरा वाल्मिककडं सरकवला. एकच पत्रा राहिला व्हता. पंकजानं धरला. वाल्मिकनं ठोकला. फिरवला. ठोकला. फिरवला. कड वर आली. अजून वर. म्हाताऱ्याचा डावा हात मांडीवर ताल धरत व्हता. मी देवाचं नाव घेतलं न्हाई, देव दचकल म्हनून.

आवाज आला न्हाई.

वाल्मिकनं भोवरा काढला. गळा उभा, गोल, कडंवर एक रेघ न्हाई. जुन्या गळ्यापेक्षा बोटभर बारीक, पन धड. पंकजानं त्याच्यात बोट घातलं आन् फिरवत राहिली, फिरवत राहिली.

"बनुबाईला बोलवा," ती म्हनाली. "आत्या, पळा."

मी पळाले. ह्या वयात पळाले, हे मातूर खरं. बनुबाईच्या दारात टेम्पो उभा व्हता. निळं ड्रम उतरवून झालं व्हतं. बाया आपापला ड्रम डोक्यावर घेऊन चालल्या व्हत्या.

"बनुबाई, झाला. गळा झाला."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी धापा टाकीत व्हते, पदर रस्त्यात कुठंतरी पडला व्हता.

"लंकाबाई, ही तुमची गोष्ट तर न्हाई ना?"

"न्हाई वं. तुमच्या गळ्याची आन."

तिचा चेहरा जरासा उतरला. "कालच्याला यायचं व्हतं. आता बायांना काय सांगू मी? गाडी परत धाडू?" मंग हळूच म्हनाली, "फुडच्या साली बघू."

घरी आले तर वाल्मिकनं त्यो पत्रा आदीच ठोकलेल्या अंगाला बसवून कोठी उभी केली व्हती आन् मच्छिंद्रचा ट्रक वेशीत हॉर्न देत व्हता. मला काय सांगायची गरज पडली न्हाई. पंकजानं माझं तोंड बघितलं, उठली, स्टुलावर चढून आढ्यातलं फडकं काढलं. चढताना गुडघा धरला व्हता तिनं. कोयत्यांना तिनंच लावलेलं तेल तसंच व्हतं.

वाल्मिक बापाच्या पाया पडला. म्हाताऱ्यानं फाटका अंगठा त्याच्या कपाळाला लावला. काळा डाग पडला. त्यानं पुसला न्हाई.

ट्रकात चढाया फळीच व्हती. मी बघितलं न्हाई.

ती कोठी आता घरात बाजंशेजारी उभी हाय. रिकामी. म्हातारं रोज सकाळी गळ्यावरनं अंगठा फिरवतं आन् मंग दिसभर भोवरा घासतं. आता घासून काय व्हनार? हाय त्याच्यातनंच जातंय, म्होरच्या साली त्याचा लिंबू व्हईल. पन मी कायबी म्हनत न्हाई.

परवा वाल्मिकचा फोन आला. मागं कोयत्यांचा आवाज येत व्हता.

"आये, मागनं तरी नेली का कोठी बनुबाईनं?"

म्हातारं घासायचं थांबलं. माझ्याकडं बघत राहिलं.

"नेली की!" मी म्हनाले. "वाजतगाजत नेली. अरं, आख्ख्या गावातल्या बाया गळा बघाया आल्या. एकीनं तर बोट घातलं ते निघंनाच, लई गुळगुळीत. त्या ड्रमात शेळ्या पानी पित्यात आता."

तिकडं कोयते चालतच राहिले. मंग वाल्मिक हसला. थोडंसं.

"पंकीचा गुडघा कसा हाय?" मी इचारलं.

"गुडघा? लई बरा हाय. मुकादमानं तिला फळीवर चढूच दिलं न्हाई. बसून उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधाया लावलंय. हिथली हवाच अशी हाय आये, दुखनं कुठल्या कुठं पळालं. पळती नुस्ती हरनावानी."

हरनावानी.

मी फोन धरून तशीच बसले. पोरगा माझाच हाय. त्याचा आवाज मला कळतो.